नोटिशीवरचा माणूस

लोकांचे राजीनामे घेणं हा माझा धंदा आहे. दारावरच्या पाटीवर मनुष्यबळ विभाग वगैरे भारदस्त लिहिलेलं असतं, पण माणूस आत येताना त्याच्या गळ्यात ओळखपत्र अडकवायचं आणि बाहेर जाताना काढून घ्यायचं, एवढंच काम. अडकवताना तो हसत असतो, काढताना त्याचा नाहीतर माझा जीव वैतागलेला असतो. हल्ली तर राजीनाम्याला राजीनामा म्हणायचीही सोय राहिली नाही. परवा एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर हात हलवणारी पिवळी बाहुली पाठवली आणि दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणे, मॅम, कळवलं होतं की. मी कपाळाला हात लावला. अशा वेळी मला काका आठवतात.

काका म्हणजे नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या माझ्या जुन्या कंपनीतले टूलरूमचे प्रमुख. प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवायची कंपनी ती, आणि त्या भागांचे लोखंडी साचे जिथे दुरुस्त होतात ती टूलरूम. साचा बिघडला की मशीन उभं, आणि मशीन उभं राहिलं की वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे चेहरे उभे. त्यामुळे काकांना मान होता. ती कंपनी सोडून मला काही वर्षं झाली, पण इतके राजीनामे दिलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणि इतके राजीनामे देऊन त्याच खुर्चीवर बसलेलाही पाहिला नाही.

उंच, सुकलेला माणूस. निळ्या कोटाच्या खिशात नेहमी एक छोटी टॉर्च. साच्याच्या पोटात डोकावायला ती लागायचीच, पण बोलतानाही ते ती काढून समोरच्याच्या तोंडावर मारायचे, विशेषतः समोरचा खोटं बोलतोय अशी शंका आली की. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात माझ्याही तोंडावर मारली होती. 'किती वर्षं टिकणार?' असं विचारलं होतं. मी म्हटलं, बघू. तर म्हणाले, 'हे खरं बोललीस.' चारचौघांत मॅडम म्हणायचे आणि एकट्यात पोरी. चहा पिताना बशी लागायची, आणि बशी नसेल तर चहा परत पाठवायचे.

राजीनाम्याची त्यांची रीत ठरलेली होती. कुणावर अन्याय झाला असं वाटलं की ते मालकांकडे, म्हणजे शेठकडे जायचे. भांडायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. एका ओळीचा राजीनामा मराठीत लिहिलेला असायचा, तो टेबलावर ठेवून नमस्कार करायचे आणि निघून यायचे. कारण कधीच लिहायचे नाहीत. 'कारण लिहिलं की माणूस कारणावर वाद घालत बसतो,' हे त्यांचं म्हणणं. आणि त्या क्षणापासून ते खरोखरचे नोटिशीवर. नाटक नाही. लगेच हाताखालच्यांना बोलावून कुठला साचा कसा रुसतो ते शिकवायला सुरुवात करायचे. भिंतीवरचं सप्तशृंगीचं चित्र काढून पिशवीत, बशी पिशवीत, खुर्चीवरची उशी पिशवीत. संध्याकाळी पिशवी घेऊन काका गेटातून बाहेर पडले की अख्ख्या कंपनीला कळायचं, आज काकांनी दिला.

शेठ जुन्या वळणाचे होते. त्यांनी कधी त्या कागदावर सही केली नाही, की तो फाडला नाही. दोन-चार दिवस जाऊ द्यायचे. मग एके दुपारी स्वतः टूलरूमच्या पायऱ्या उतरून यायचे, तेलकट स्टुलावर बसायचे आणि काकांच्या किटलीतला चहा मागायचे. बस्स. शेठ टूलरूमचा चहा प्यायले म्हणजे ज्याच्यासाठी राजीनामा होता त्याचं काम झालं. रात्रपाळीला डुलकी लागली म्हणून काढलेला मदतनीस त्या चहाने परत आला, कँटीनवाल्या मावशींचं काम त्या चहाने वाचलं. दुसऱ्या दिवशी सप्तशृंगी परत भिंतीवर. आम्ही हसायचो, पैजा लावायचो, की या वेळी चहा मंगळवारी की गुरुवारी. हसणं सोपं होतं, कारण नोकरी आमची पणाला लागलेली नसायची.

बरं, हा माणूस राजीनाम्याचा असा खेळ करतो म्हणून राजीनाम्याला हलकं लेखत असेल असं वाटेल. छे. दुसऱ्याने दिलेल्या राजीनाम्याबाबत त्यांच्यासारखा कर्मठ माणूस नव्हता. जो कोणी सोडून चालला त्याला ते टूलरूममध्ये बोलावून बसवायचे. पोहोच घेतलीस का? तोंडी घेतलेला राजीनामा राजीनामा नसतो. शिल्लक रजा किती? त्या नोटिशीत धरतात का ते आधी विचार, मागून रडू नकोस. कोऱ्या कागदावर सही करू नकोस. अनुभवाचं पत्र तुझा हक्क आहे, उपकार नाही. आणि एवढं सगळं सांगून झालं की टॉर्च तोंडावर, 'आता तुझं काय ते बोल. काम कुणाला शिकवून चाललास?'

नाशिक रोडचा एक इंजिनिअर होता. चाकणला जास्त पगाराची नोकरी लागली आणि हा गडी नोटीस न पाळता गायब. मी दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. काका एका रविवारी पाळी सुटल्यावर थेट त्याच्या घरी जाऊन बसले. वडील सरकारी नोकरीतले, शिस्तीचे. त्यांनी विचारलं, आपण कोण? काका म्हणाले, तुमच्या मुलाच्या राहिलेल्या दिवसांचा वसुली अधिकारी. वडिलांना आधी वाटलं, पोराने कर्ज काढलं. खरं कळल्यावर ते जास्तच संतापले. सोमवारी इंजिनिअर मान खाली घालून हजर. नव्या कंपनीने थांबायचं कबूल केलं, याने राहिलेली नोटीस पूर्ण केली, काम समजावून दिलं. आणि गंमत पुढेच आहे. जाताना आमच्याच अकाउंट्सवाल्यांनी त्याचं पत्र अडवलं, पळाला होता म्हणून. तर काका त्यांच्या दारात बाकावर जाऊन बसले. काम नाही, हालचाल नाही, नुसते बसले. त्याने दिवस भरले, आता तुम्ही कागद भरा, एवढंच म्हणाले. टूलरूममधून निरोपावर निरोप, हे ढिम्म. जेवायच्या सुट्टीच्या आत पत्र मिळालं. मला म्हणाले, 'सोडून जाणाऱ्याला हक्क असतात, मॅडम. पळून जाणाऱ्याला नसतात. म्हणून आधी त्याला पळता येऊ नये हे बघायचं.'

शेठ गेले आणि मुलांनी कंपनी विकली. नवे लोक आले, त्यांच्याबरोबर नवा प्लांट हेड आला. वाईट माणूस नव्हता, पण कायम घाईत. चालता चालता सह्या करायचा. लाइनवरचे कामगार सोडले तर बाकीच्यांचे राजीनामे आता संगणकावर द्यायचे झाले. बटण दाबायचं, वर जातं, वरून मंजूर होऊन येतं. टूलरूमचा चहा प्यायला यायला कुणाला वेळ होता? काकांनी एकदा मला विचारलं, इथे राजीनामा टेबलावर ठेवायची सोय आहे का. मी नाही म्हटलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्यांनी राजीनामा दिला नाही. अन्याय कमी झाले होते असं नाही. पण ते गप्प राहायला लागले आणि मला ते बघवत नव्हतं, हे खरं.

मग एका सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. कोट इस्त्रीचा. म्हणाले, 'पोरी, आज खरा आहे. कुणासाठी नाही. माझा आहे.'

त्यांच्या बायकोबद्दल सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, सगळी नोकरी पेठ तालुक्याच्या डोंगराळ भागात. काका अंबडला, सिडकोतल्या दोन खोल्यांत. आमच्या कंपनीची सुट्टी शनिवारी आणि शाळेची रविवारी. म्हणजे बघा काय नशीब. शनिवारी सकाळची शाळा आटोपून काकू घरी यायच्या तोवर काका एसटीने पोचलेले असायचे, आणि रविवारी पहाटेच्या गाडीने परत, कारण पाळी. बदलीसाठी अर्ज झाले, खेटे झाले, हात टेकले. मुलगी आजीकडे वाढली, लग्न होऊन गेली. काकू निवृत्त झाल्यावर तरी एकत्र राहतील म्हणावं, तर तोवर काकांची आई पार थकलेली. सटाण्याकडच्या त्यांच्या गावातून ती हलायला तयार नाही. शहरात चला म्हटलं की एकच बोलायची, 'मन्हं घर आठेच शे.' तेव्हा काकू गावी सासूजवळ आणि काका सिडकोत, आणि मधे तोच शनिवार. फक्त एसटीची दिशा बदलली. तू निवृत्त झालीस की मीही सोडतो, हा शब्द काकांनी बायकोला दिला होता. तो मोडून बरेच महिने झाले होते, कारण एकेक साचा, एकेक माणूस. आता मात्र ठरलं होतं.

मी त्यांच्या वतीने बटणं दाबायला बसले. कारण निवडल्याशिवाय पान पुढेच जाईना. अधिक चांगली संधी, उच्च शिक्षण, आरोग्य, स्थलांतर, विवाह. काकांनी टॉर्च काढून पडद्यावर मारली आणि यादी दोनदा वाचली. मग 'विवाह'वर बोट ठेवलं. मी म्हटलं, काका, लोक हसतील. म्हणाले, हसू देत, खोटं कुठे आहे? लोक हसलेच. आठवडाभर त्यांना सगळे नवरदेव म्हणत होते. आणि प्लांट हेडने चालता चालता मोबाइलवर मंजुरी देऊन टाकली.

त्यांची नोटीस तीन महिन्यांची होती. एवढा आनंदी माणूस मी नोटिशीवर पाहिला नाही. दोन पोरांना हाताशी धरून सगळं शिकवत होते. मधेच एकदा काकू नाशिकला आल्या होत्या, मेन रोडला पडद्याचं कापड घ्यायला. काकांनी मला गेटाबाहेरच्या टपरीवर बोलावून त्यांची ओळख करून दिली. शांत बाई. फार बोलल्या नाहीत, पण काका पैसे द्यायला गेले तेव्हा म्हणाल्या, 'मॅडम, आम्ही एकमेकांचं आजारपणसुद्धा काढलेलं नाही. ताप आला तो ज्याचा त्याने काढला. शनिवारी आलेला माणूस पाहुणाच असतो हो. सोमवारी हे कसे असतात, मला माहीतच नाही.' मी चहाच पीत राहिले.

इकडे प्लांट हेडला उशिरा घाम फुटला. एका मोठ्या ग्राहकाचे नवे साचे यायचे होते आणि काकांनी शिकवलेली पोरं चांगली होती, पण कच्ची. आधी निरोप, मग कॅबिनमध्ये बोलावणं, मग पगारवाढ. दोन वर्षं थांबा म्हणत होता. काका हात जोडून एकच सांगायचे, घरी वाट बघतात. जुनी माणसं म्हणायची, शेठ असते तर चहाला आले असते. मला आतून वाटायचं, देवा, या वेळी चहाला कुणी न येवो.

काकांची नोटीस संपत आली असताना यमुनाचं प्रकरण झालं. यमुना आमच्या तपासणी लाइनवर होती, पेठकडची, कायम कामगार, कामाला चोख. दिवस गेले होते. बाळंतपणाची रजा म्हणजे भरपगारी रजा, आणि तिच्या जागी दुसरी बाई ठेवायची म्हणजे दुप्पट खर्च. वरून तोंडी आलं, तिचा राजीनामा घ्या. घरगुती कारणासाठी स्वखुशीने. मी प्लांट हेडला सरळ सांगितलं की हे बेकायदेशीर आहे, गरोदर बाईला काढता येत नाही, आणि राजीनामा दाबून घेतला तर तो राजीनामा नसतोच. तो म्हणाला, तुम्ही घेऊ नका, सुपरवायझर घेईल. इतकं शांतपणे, जसं काही मी पंखा बंद करायला नाही म्हटलं होतं.

सुपरवायझरने तिला छोट्या खोलीत बसवलं. कागद तयार, पेन तयार. सही केलीस तर हिशेब हातात देतो, नाही केलीस तर उद्यापासून रात्रपाळी आणि उभ्याचं काम. पोटात सहावा महिना. ती म्हणाली, मी नाय सही करणार, आणि खोलीतून उठून तडक टूलरूममध्ये गेली. तिला कुणीतरी सांगितलं असणार, की तिथे एक म्हातारा बसतो तो राजीनामा देतो आणि माणसं वाचतात.

मी पोचले तेव्हा काका तिला स्टुलावर बसवून पाणी देत होते. मला बघून उठले, सवयीने. कोटाच्या खिशात हात गेला, पेन निघालं, समोर कागदही ओढला. आणि मग हात थांबला. माझ्याकडे बघून म्हणाले, 'दिलाय ना मी. आता कुठला देऊ?'

मी म्हटलं, काका, आपण तक्रार करू. कायदा तिच्या बाजूने आहे, सरकारी कामगार अधिकारी आहेत, मी स्वतः साक्षीला उभी राहते. ते म्हणाले, करूच. पण त्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हिचं पोर शाळेत जाईल, आणि हिला उद्यापासून रात्रपाळी आहे. या धंद्यात एवढी वर्षं घालवून मला हेच कळलंय, की हक्क पुस्तकात असतो आणि पाळी उद्याची असते.

काका साच्याच्या कडेवरून बोट फिरवत होते. मग विचारलं, 'शेवटच्या दिवसाआधी राजीनामा मागे घेता येतो ना?' त्यांना माहीत होतं. दुसऱ्यांना त्यांनीच शिकवलेलं होतं ते. तरी मी हो म्हटलं, कंपनीची हरकत नसेल तर. आणि पुढे म्हटलं, काका, नका. काकूंना काय सांगाल? मी खरंच चिडले होते. म्हटलं, तिचा हक्क तिचाच आहे, त्याची किंमत तुम्ही का मोजायची? तर म्हणाले, 'मोजायची कुणी नाहीच. पण मागितली जातेय ना.'

वर कॅबिनमध्ये मी त्यांच्या मागोमाग गेले. त्यांनी कुणाला दोष दिला नाही, की कायदा सांगितला नाही. म्हणाले, 'तुम्हाला मी दोन वर्षं हवाय. मी थांबतो. यमुनाचा कागद माझ्या हातात द्या, तिला बसून करायचं दिवसपाळीचं काम द्या, आणि रजेनंतर ती याच लाइनवर परत येईल असं मॅडमना लिहून द्या.' प्लांट हेड पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसला. त्याला वाटलं, स्वस्तात सौदा झाला. लगेच कबूल. वर हसून म्हणालासुद्धा, मला माहीत होतं काका, तुम्हाला कंपनी सोडवणार नाही. काकांनी ते ऐकून घेतलं.

खाली बातमी पोचली तशी हशा पिकला. नवरदेव मंडपातून परत आले. काकांचं नेहमीचंच, यांना सुटतंय कुठे? मला एकेकाला धरून सांगावंसं वाटत होतं, पण काकांनी ताकीद दिली होती. म्हणाले होते, यमुनालाही कळता कामा नये. तिला कळलं तर ती आयुष्यभर माझी ऋणी राहील, आणि ज्याचं ऋण नाहीच ते तिने का वागवायचं? यमुना वेळेवर रजेवर गेली, तिला मुलगी झाली, वेळेवर परत आली. सगळ्यांना पेढे वाटले. काकांना एक जास्त दिला, पाणी पाजलं होतं म्हणून.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर काका टूलरूमच्या पायरीवर बसून गावी फोन लावत होते आणि मी शेजारी उभी होते, कारण मला तिथून जाता येईना. लाइन लागली. आई जेवली का विचारलं. औषध दिलं का विचारलं. मग म्हणाले, 'माझं जरा दोन वर्षं लांबलंय. शनिवारी येतो, मग सांगतो.' पलीकडून काहीतरी एकच शब्द आला. काकांनी फोन खिशात ठेवला.

मी विचारलं, काय म्हणाल्या?

'बरं, म्हणाली.'

मी म्हटलं, बघा, समजून घेतलं काकूंनी. मला वाटलं, त्यांना धीर येईल.

'लग्न झाल्यापासून बरंच म्हणत आलीय ती,' काका म्हणाले. 'बदली झाली नाही, बरं. पोरगी आईकडे ठेवू, बरं. आज तरी भांडायला हवं होतं तिने, पोरी.' आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून ते तिथेच बसून राहिले.